चेहरा शेवटी का आला?

ताई,

मी २६ वर्षांची आहे. चार वर्षं कॅमेरा असिस्टंट म्हणून काम केल्यावर यंदा स्वतःची पहिली शॉर्टफिल्म केली, १४ मिनिटांची. चाळिशीतली एक जलतरणपटू खांद्याच्या दुखापतीनंतर अकरा वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरते, एवढीच गोष्ट. दिग्दर्शन माझं, कॅमेराही माझाच. पहाटेच्या रिकाम्या तलावावर ती पाण्यातून बाहेर येते तेव्हाचा एक शॉट आहे. ओली पावलं, तिथून कॅमेरा हळूहळू वर, पोटऱ्या, कंबर, पाठ, केसांतून निथळणारं पाणी आणि शेवटी चेहरा. ११ सेकंद, स्लो मोशनमध्ये. एका मैत्रिणीनं रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, बघितला आणि म्हणाली, ‘हे साबणाच्या जाहिरातीसारखं दिसतंय.’ मला राग आला. मग एकटीनं पुन्हा लावून बघितलं तर मलाही तसंच दिसलं. माझा एडिटर म्हणतो, हाच फिल्ममधला सगळ्यात सुंदर शॉट आहे, याला हात लावू नकोस. भूमिका करणारी अभिनेत्री मात्र त्या दिवशी हा शॉट झाल्यावर गप्प गप्प होती, ते आता आठवतंय. मी स्वतः बाई असून माझ्या हातून असं का झालं? आणि हा शॉट काढला तर मी शरीर दाखवायला घाबरले, असा त्याचा अर्थ होईल का?

— एक कॅमेरावाली

प्रिय कॅमेरावाली,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. शॉट आहे तसा ठेवू नकोस. पण शरीर दिसतंय म्हणून काढतेय, असं मनात आणू नकोस. पोहणाऱ्या बाईच्या गोष्टीत शरीर लपवलं तर गोष्ट सांगणार कशाची? तिचे खांदे दिसायला हवेत, पाठ दिसायला हवी, वयानं सैलावलेली कातडीसुद्धा. कुणी सुचवेल की तिला टॉवेल गुंडाळायला दे, म्हणजे प्रश्न मिटला. त्याचं ऐकू नकोस. झाकायला सांगणारा आणि उघडं करायला सांगणारा, दोघंही बघणाऱ्याचाच विचार करत असतात. पाण्यातून बाहेर आल्यावर त्या बाईला थंडी वाजतेय का, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही.

तुझ्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले. ‘रिकाम्या तलावावर.’ म्हणजे तिथं दुसरं कुणी नाही. मग पावलांपासून केसांपर्यंत तिला बघतंय कोण? समजा, काठावर तिचा जुना प्रशिक्षक बसलेला असता, तर ती नजर त्याची म्हणता आली असती, आणि तो तिला असा का बघतोय हा गोष्टीतलाच एक प्रश्न झाला असता. तुझ्या तलावावर कुणीच नाही. म्हणून ती नजर कुठल्याच पात्राच्या नावावर चढत नाही. ती थेट प्रेक्षकाच्या हातात जाते, आणि आपल्या हातात काही दिलंय हे त्याला कळतही नाही. तुझी मैत्रीण जाहिरात म्हणाली ती यामुळेच. जाहिरातीतली बाई अशीच एकटी असते आणि तरीही कुणीतरी बघत असल्यासारखी वावरते.

मराठीत बघण्याला किती क्रियापदं आहेत! डोकावणं, न्याहाळणं, निरखणं, टेहळणं, रोखून बघणं, बघत राहणं. प्रत्येकात बघणारा कुठं उभा आहे हे आधीच ठरलेलं आहे. डोकावणारा दाराबाहेर असतो. टेहळणारा उंचावर आणि लांब असतो. निरखणारा जवळ असतो, आणि त्याला काहीतरी समजून घ्यायचं असतं. न्याहाळणाऱ्याला घाई नसते, समोरचं आपल्यासाठीच ठेवलंय असं त्याला वाटतं. शॉट लावताना कॅमेऱ्यालाही यातलं एक क्रियापद घ्यावंच लागतं. तू निवडलं नाहीस तर सवय निवडते. तुझ्या ११ सेकंदांत कॅमेरा न्याहाळतोय. बाकीच्या फिल्ममध्ये तो तिला निरखत असणार, असं तुझ्या गोष्टीवरून मला वाटतं. म्हणूनच हा एक शॉट तुलाही खुपला.

हे सगळं लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ साली ‘स्क्रीन’ नावाच्या नियतकालिकातल्या एका निबंधात मांडलं होतं. ‘मेल गेझ’, म्हणजे पुरुषी नजर, हा शब्दप्रयोग तिथून सगळीकडे पसरला. तो आता इतका झिजलाय की कुठल्याही तोकड्या कपड्यातल्या फोटोला लावला जातो. त्यांचं म्हणणं कपड्यांविषयी नव्हतंच. सिनेमात तीन नजरा एकाच वेळी काम करत असतात, असं त्या म्हणाल्या : चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याची, पडद्याकडे बघणाऱ्या प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे. रूढ सिनेमा पहिल्या दोन लपवतो आणि फक्त तिसरी दाखवतो. ती तिसरी बहुतेक वेळा नायकाची असते. तो बघतो, ती बघितली जाते, आणि आपण त्याच्या डोळ्यांत जाऊन बसतो. आणखी एक निरीक्षण त्यांनी नोंदवलं, ते तुझ्या एडिटरशी बोलताना उपयोगी पडेल : बाई अशी दाखवायची वेळ आली की गोष्ट थांबते. तुझे ११ सेकंद टाइमलाइनवर लावून बघ. त्यांच्या सुरुवातीला तुझ्या नायिकेबद्दल आपल्याला जे माहीत होतं, त्यात शेवटी कशाची भर पडली? खांदा दुखला का? तिला आनंद झाला का? दम लागला का?

आता एक माझं सांगते. मी संकलक म्हणून काम करत होते तेव्हाची गोष्ट. एका प्रसंगात एक तरुणी खिडकीपाशी केस विंचरत होती. छान उजेड होता, दुरूनच जवळचं दाखवणारी लांब लेन्स होती. टेकच्या शेवटी ती विंचरता विंचरता थांबली आणि तिनं मान वळवून खोलीतल्या माणसाकडे बघितलं. जेमतेम दीड सेकंद. त्या बघण्यात कंटाळा होता, थोडी चीडही होती. मी ते दीड सेकंद कापलं. शॉटची लय बिघडते, असं कारण मी तेव्हा दिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. वर्षांनंतर तो सिनेमा पुन्हा बघताना माझ्या पोटात कालवलं. त्या प्रसंगात त्या मुलीचं म्हणून जे काही होतं ते त्या दीड सेकंदात होतं, आणि ते मी माझ्या हातानं काढून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बघण्यानं माझं बघणं अवघडलं, एवढंच कारण होतं. म्हणून तुझ्या ‘मी बाई असून’ या शब्दांनी मला आत काहीतरी झालं.

तू बाई आहेस याचा इथं फार उपयोग नाही, कारण बघणं शिकावं लागतं आणि तू ते याच चित्रांकडून शिकलीस. जॉन बर्जर या ब्रिटिश कलासमीक्षकांनी १९७२ मध्ये बीबीसीवरच्या चार भागांच्या मालिकेत युरोपीय तैलचित्रांबद्दल बोलताना हे सांगितलं होतं. बाईला लहानपणापासून स्वतःवर लक्ष ठेवायला शिकवलं जातं; खोलीतून चालत जाताना ती चालते आणि त्याच वेळी आपण चालताना कशा दिसतोय हेही बघत असते. आणि तिच्या आत बसून बघणारा हा जो कुणी असतो तो पुरुष असतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी याच सवयीचा सिद्धान्त मांडला. स्वतःच्या शरीराकडे सतत बाहेरून बघत राहिलं की लाज आणि चिंता वाढते, कामातलं मन उडतं आणि भूक, दमणूक, हृदयाची धडधड अशा शरीराच्या आतल्या खुणाही मंद होत जातात, असं त्या म्हणतात. हा शेवटचा मुद्दा तुझ्या फिल्मशी जोडून बघ. तुझी नायिका अकरा वर्षांनी तिच्या शरीराला आतून पुन्हा भेटतेय, आणि नेमक्या त्याच क्षणी तुझा कॅमेरा तिला बाहेरून न्याहाळायला गेला.

धंद्याची सवयही आहेच. जुन्या हॉलिवूडमध्ये नायिकेच्या क्लोजअपसाठी लेन्सवर जाळीचं कापड लावत, उजेड मऊ करत, सुरकुती पुसली जाईल असं बघत. नायकाच्या चेहऱ्यावर मात्र बाजूनं कडक उजेड टाकून एकेक रेघ उठवत. कुणी दुष्टपणानं करत नव्हतं. ‘बाईचा क्लोजअप असाच घेतात’ एवढंच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. आणि सांगणारे कोण होते? ऑस्करमध्ये छायाचित्रणासाठी एखाद्या बाईला पहिल्यांदा नामांकन मिळालं ते २०१८ मध्ये, रेचल मॉरिसन यांना, पुरस्कारांच्या ९० व्या सोहळ्यात. तू असिस्टंट असताना लेन्स बदलून दिल्यास, फोकस ओढलास, आणि खालून वर जाणारा तो टिल्ट-अप कित्येकदा दुसऱ्याच्या शॉटमध्ये बघितला असशील. तो तुझ्या हातात बसलाय. त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नकोस. दोष द्यायचाच तर पुढच्या वेळी तोच शॉट डोळे मिटून लावलास तर दे.

आता एक जोडी सांगते. दोन्ही चित्रं शोधून शेजारी शेजारी ठेवून बघ, त्यानं जे कळेल ते माझ्या पानभर लिहिण्यानं कळणार नाही. बायबलच्या परंपरेतली सुझानाची कथा आहे. बागेत अंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन प्रतिष्ठित म्हातारे लपून बघतात आणि मग आमचं ऐक, नाहीतर तुझ्यावर खोटा आळ घेऊ, अशी धमकी देतात. तिंतोरेत्तो या व्हेनिसच्या चित्रकारानं हे चित्र १५५५ च्या सुमारास काढलं. त्यात सुझाना पाण्याकाठी बसून आरशात स्वतःला बघण्यात रमली आहे. तिचं उजळ अंग आपल्या बाजूला आहे, म्हातारे झुडपांच्या कडेला आडोशाला आहेत, आणि आपल्याला तिचं जितकं दिसतं तितकं त्या बिचाऱ्यांनाही दिसत नसेल. जी धमकीची कथा आहे तिची चाहूलसुद्धा तिच्या चेहऱ्यावर नाही. आणि तो आरसा बघ. तिला बघायची हौस चित्रकाराची आणि चित्र बघणाऱ्याची, पण तिच्यासमोर आरसा ठेवला की ती तिचीच हौस ठरते. या चलाखीवर बर्जर यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

मग आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचं १६१० चं चित्र बघ. ती तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होती. तिची सुझानाही विवस्त्रच आहे, कपड्यांत काही फरक नाही. पण इथं बाग नाही, आरसा नाही. पाठीला टोचेल असा दगडी बाक आहे, वरून भिंतीवर ओणवलेले दोघं एकमेकांशी कुजबुजतायत, आणि ती अंग पिळवटून, दोन्ही हात वर करून, तोंड फिरवून त्यांना दूर लोटू बघतेय. तिच्या मानेला पडलेली वळी दिसते, पोटावरची घडी दिसते. चित्रासमोर उभं राहिलं की आपण कुणाच्या बाजूला आहोत हे ठरवावंच लागतं. कथा तीच, शरीर तेवढंच उघडं. फरक आहे तो चित्रात कुणाच्या अंगावर काय गुदरतंय हे चित्रकर्तीला ठाऊक असण्यात. (हे दुसरं चित्र मी बघितलं तेव्हा पहिलं मला आवडायचं बंद झालं नाही. त्यातला उजेड अजूनही अप्रतिम वाटतो. पण आता तो बघताना मी कुठं उभी आहे हे मला माहीत असतं.)

‘स्त्रीची नजर’ म्हणून हल्ली जे सांगतात त्यातलं काही मला पटत नाही. पुरुष नायकाला शर्ट काढून उन्हात उभं केलं आणि त्याच्या पोटावरून कॅमेरा फिरवला की हिशेब चुकता झाला, असं नसतं. तिथं माणसांची अदलाबदल झाली, क्रियापद तेच राहिलं. तरीही कामापुरती ही अदलाबदल मनात करून बघ : तुझ्या नायिकेच्या जागी चाळिशीतला पुरुष जलतरणपटू असता तर तू पावलांपासून सुरुवात केली असतीस का? मला वाटतं, तू पाण्याचा पृष्ठभाग फोडून वर येणारं डोकं घेतलं असतंस, दम खाणारं तोंड, काठ पकडणारा हात. म्हणजे शरीर काय करतंय ते. बाई आली की शरीर कसं दिसतंय याकडे कॅमेरा वळतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. नवीन शूटिंगचा विचार करण्याआधी त्या दिवसाचे सगळे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, काढ आणि प्रत्येक टेकचं डोकं आणि शेपूट बघ. ‘अ‍ॅक्शन’च्या आधीचं आणि ‘कट’नंतरचं, जिथं तिला वाटलं की आता कुणी बघत नाही. माझी खात्री आहे, तिथं तिनं खांदा चोळलेला असेल, नाकातलं पाणी झटकलं असेल, मागे वळून पाण्याकडे बघितलं असेल. तुझी नायिका तिथं सापडेल.

मग क्रम बदल. चेहरा शेवटी आणू नकोस, आधी आण. तुझ्या शॉटमध्ये चेहरा येईपर्यंत बघणाऱ्यानं १० सेकंदांत तिच्याबद्दल मत करून टाकलेलं असतं. चेहरा येतो तो जणू त्या मताला होकार द्यायला. आधी तिची नजर दिसू दे, मग ती कशाकडे बघतेय ते दिसू दे, मग शरीर. तिचा हात दुखऱ्या खांद्याकडे गेला आणि त्यानंतर तू खांद्याचा क्लोजअप घेतलास, तर तो कितीही जवळून घे, कितीही उघडा असू दे. बघणारा तिच्याबरोबर तो खांदा तपासेल. स्लो मोशन काढून टाक. अकरा वर्षांनी पोहलेल्या बाईचा श्वास जलद चालतो.

तिला काय दिसतं हे तू एकदाही चित्रित केलं नाहीयेस, असा माझा अंदाज आहे. सगळ्या १४ मिनिटांत ती कशाकडे तरी बघते आणि ती गोष्ट आपल्याला दाखवली जाते, असे किती पीओव्ही शॉट आहेत ते मोज. सत्यजित राय यांच्या १९६४ च्या ‘चारुलता’ची सुरुवात तू बघितली असशील. घरात एकटी असलेली चारू हातात दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाते, झडपा उघडते, रस्त्यावरून जाणारी माणसं बघते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या समोरून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही, आणि ती पाठमोऱ्या नवऱ्याकडेही दुर्बिणीतूनच बघते. ती सुंदर दिसते आणि कॅमेरा ते लपवत नाही. पण त्या काही मिनिटांत आपण तिच्या मागोमाग फिरतो, तिला जे हवंसं वाटतं ते बघायला उत्सुक होतो. तुझ्या नायिकेला काठावरून काय दिसतं? तळाची काळी रेघ? समोरची भिंत, जी अकरा वर्षांपूर्वी जवळ होती आणि आता लांब गेली आहे? अर्धा दिवस तलाव मिळाला तर फक्त एवढंच घे. लांब लेन्स ठेवून दे, ती लांबूनच बघते. ३५ मिमीची लेन्स घे, तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बस, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

एडिटरशी बोलताना ‘पुरुषी नजर’ हा शब्द वापरू नकोस. तो दुखावेल आणि मग शॉटबद्दल बोलणं राहून जाईल. त्याचं म्हणणं खोटंही नाही, शॉट सुंदर आहे. त्याला दोन्ही कट आवाज बंद करून दाखव आणि विचार, कुठल्या कटनंतर ती पुन्हा पाण्यात उतरेल असं वाटतं? चांगला एडिटर असेल तर तो त्या प्रश्नावर काम सुरू करेल.

तुझ्या मैत्रिणीला चहा पाज. बेल हुक्स या अमेरिकी लेखिकेनं १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री-प्रेक्षकांबद्दल लिहिलं होतं. पडद्यावर आपण एकतर नसतोच किंवा भलत्याच रूपात असतो, हे ओळखून त्या बायका प्रतिकार करत बघायला शिकल्या. हे असं बघणं हीसुद्धा एक ताकद आहे, असं तिचं म्हणणं होतं. पहिल्या रफ कटलाच असं तोंडावर सांगणारी मैत्रीण सगळ्यांना मिळत नाही.

राहिली ती अभिनेत्री. तिचा पत्रात तू एकाच वाक्यात उल्लेख केलास, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम तेच आहे. शॉटआधी तू तिला काय सांगितलं होतंस? ‘हळू बाहेर या, कॅमेऱ्याकडे बघू नका’ एवढंच असेल, तर ती गप्प का झाली हे तुला कळेल. लेन्स काय बघणार आहे, कुठून सुरू करून कुठं जाणार आहे, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते कळणं हा तिचा हक्क होता. फोन कर. सबबी सांगू नकोस. दोन्ही कट दाखवायचे आहेत आणि तुमचं मत हवंय, असं म्हण. तिनं जुना शॉट ठेव म्हटलं तर का ते ऐकून घे, नको म्हटलं तर तो गेला असं समज. आणि ती बघत असताना समोर बसून तिचा चेहरा वाचू नकोस. तिच्या शेजारी बस आणि तूही पडद्याकडेच बघ.

तुझी,
ताई